दोन जुन्या, एक नवी

ते गाणं आता सगळ्यांना येतं. इस्लामपूरच्या बाजारात चहाच्या दुकानात ते वाजतं, सांगलीत लग्नाच्या मांडवात वाजतं, पाचगणीहून साताऱ्याला उतरताना मोटारीत शेजारी बसलेली अनोळखी बाई ते गुणगुणते. मुंबईच्या एका गायिकेनं ते गायलं आहे. आवाज गोड आणि स्वच्छ, सुरुवातीला क्लॅरिनेट, मागे तबला. ऐकणारे म्हणतात, कुठल्या तरी खेड्यातल्या बायकांचं जुनं गाणं असेल. मी काही बोलत नाही. एरवीही मी फारशी बोलत नाही, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

ते बायकांचं नाही, एका बाईचं आहे. माझ्या आत्याचं.

*हळकुंड फोडते मी, मुसळ घुमतं दारी*
*आजची माझी लेक, उद्याची पाव्हनी घरी*

आत्याला मिरजेला दिली होती. तिचे यजमान तिथे तंबोरे आणि पेट्या दुरुस्त करण्याच्या एका दुकानात कामाला होते. आमच्याकडे सगळे उसातले नाहीतर पलटणीतले, त्यामुळे हा जावई घरच्यांना कधी जावयासारखा वाटलाच नाही. पेटी मात्र छान वाजवायचे म्हणतात. आत्याची मुलगी, म्हणजे माझी आक्का, मांडीवर होती तेव्हा गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या एका लहानशा कंपनीची माणसं सांगलीला आली. त्यांना खेड्यातली गाणी हवी होती. आत्यानं लेकीच्या पुढे कधीतरी होणाऱ्या हळदीसाठी आतापासूनच एक गाणं जुळवलं होतं, घरात काम करताना ती ते म्हणायची. यजमान तिला घेऊन गेले. ती गायली, त्यांनी पेटी धरली.

आमच्या घरात ही बातमी कळली तेव्हा काय झालं ते मी फक्त ऐकलं आहे. घरातल्या बाईचा आवाज बाजारात विकायला ठेवला म्हणून आजोबांनी मिरजेला पाऊल टाकलं नाही. तात्यांनी, माझ्या धाकट्या चुलत्यांनी, जाऊन एवढं करवून घेतलं की तबकडीवर नाव छापायचं नाही. म्हणून तिच्यावर गायिकेच्या नावाच्या जागी फक्त ‘एक गृहिणी’ असं छापलं होतं. ती तबकडी कुणी फारशी घेतली नाही. पुढच्याच वर्षी यजमान तापानं गेले, आणि आत्या एक ट्रंक, एक मुलगी आणि ती एक तबकडी घेऊन आमच्या घरी परत आली. तिच्या पाठीमागे बायका म्हणायच्या, थाळीवर गायली आणि कपाळ पुसून आली.

मी तेव्हा वर्षाचीही नसेन. मला कळायला लागल्यापासून आत्या अशीच आठवते: बिनकाठाचं लुगडं, मोकळं कपाळ, आणि कुठल्याही कार्याच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराच्या आत. दाराच्या बाहेर ती यायची नाही. कुणी तिला तसं सांगावं लागायचं नाही.

वडील पलटणीत मोठ्या हुद्द्यावर गेले आणि मला पाचगणीच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मला काटे-चमचे धरायला शिकवलं, आणि न बोलता शिकवलं ते असं, की घरचं बोलणं घरीच ठेवायचं. सुट्टीत घरी आले की आत्या म्हणायची, “बाय, तू बोलतीस म्हंजे पुस्तक वाचल्यावानी वाटतं. जरा चुकून तरी बोल की.” मी हसायचे. चुकून बोलणं मला जमत नव्हतं.

मुंबईच्या बाईंचं गाणं आम्ही दोघींनी पहिल्यांदा एकत्रच ऐकलं. युद्धाची वर्षं होती, वडील परदेशात होते. इस्लामपूरच्या बाजारात मी आणि आत्या वांगी निवडत होतो आणि समोरच्या दुकानात फोनो, म्हणजे ग्रामोफोन, लागला. पहिल्या ओळीला आत्याचा हात वांग्यावर तसाच राहिला. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. वांगीवाली वैतागली. “आवं, घेताय का न्हाई? का नुसतीच कुरवाळायची हायती?”

आत्यानं वांगी घेतली. घरी येताना बांधावर ती म्हणाली, “बाई चांगली म्हनतीया. पर घाईत हाय.”

“तुमचंच गाणं आहे ना, आत्या?”

“हळकुंडं अशी फुटत न्हाईत, पोरी. हात भरून येत्यात. मग मुसळ सावकाश पडतं. तिनं कवा हळद फोडलीया?”

एवढंच. राग नव्हता. गाणं मुंबईला कसं पोचलं हे तिनं विचारलं नाही, मीही नाही. आणि तिचं काही त्यावरचं नाव गेलं असंही नव्हतं. नाव मुळात नव्हतंच.

वडिलांनी युद्धावर जायच्या आधी एका बदली झालेल्या साहेबाकडून फोनो विकत आणला होता. घरात तो चालवता फक्त मला यायचा. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी सगळे मळ्यात गेले असताना आत्या माझ्याकडे आली. तिच्या हातात परात होती आणि परातीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तबकडी. आत्या ती जोंधळ्याच्या कणगीत ठेवायची, उन्हानं वाकू नये म्हणून.

“एकदाच लाव. घासती ती.”

मी लावली. आधी नुसती खरखर. मग पेटीचा एक लांब सूर, आणि मग आत्या. मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. जाड, खालच्या पट्टीतला, प्रत्येक ओळीच्या शेवटी मुसळ टेकवल्यासारखा थांबणारा. शेजारी बसलेल्या आत्याकडे बघायचा मला धीर होईना. गाणं संपलं, पेटीचा सूर विझला, आणि सुई आतल्या रेघेकडे सरकत असताना एका पुरुषाचा आवाज आला, जरा लांबून, कंपनीच्या माणसाला विचारल्यासारखा:

“झालं व्हय?”

आणि सुई आत जाऊन फिरत राहिली.

“साहेब लय चिडला हुता,” आत्या म्हणाली. “म्हनला, तुमच्या त्या एका शब्दानं आवाज कोरायचं मेण वाया गेलं. मग म्हनला, जाऊ द्या, ऱ्हाऊ द्या तसंच.” तिनं तबकडी उचलली, पदरानं पुसली. “आक्कीला बाचं कायबी आठवत न्हाई. फोटू बी न्हाई. एवढं हाय.”

आक्काला तिनं ते अजून ऐकवलं नव्हतं. तिच्या मनात काय होतं ते तिनं त्या दुपारी मला सांगितलं, आणि मलाच, कारण फोनो मी लावणार होते. आक्काच्या लग्नात हळद फोडायच्या दिवशी पाच सवाष्णी मुसळ धरतील तेव्हा मी ही तबकडी लावायची.

“मला तितं उभं ऱ्हाता यायचं न्हाई. पर थाळीला कोन इचारतंय, तुजा नवरा हाय का गेला? आम्ही दोगं बी असू मांडवात. आक्कीला सांगितलंय म्या, तुज्या हळदीला तुज्या बाचा आवाज ऐकशील. लावशील न्हवं?”

मी मान हलवली. शब्द काढला नाही. पण आमच्यात मान हलवली म्हणजे कबूल.

आक्काचं लग्न पुढच्या वैशाखात ठरलं. मुलगा साताऱ्याचा, शिकलेला, त्याचे भाऊ सैन्यात कमिशन मिळवलेले. लग्नाला माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणीही येणार होत्या. हळदीच्या आठ दिवस आधी आई म्हणाली, “सगळीकडे ते हळकुंडाचं गाणं वाजतंय. आपल्याकडे फोनो असून नसल्यासारखा. सांगलीहून ती प्लेट आण.” आईला आत्याची तबकडी माहीत होती, पण त्या गोष्टीचं घरात नाव निघत नसे. दुकानात जुनी तबकडी दिली तरच नवी मिळते असं ऐकलं होतं, युद्धामुळे तबकड्यांना लागणारी लाख मिळत नव्हती, म्हणून तिनं एक घासून पांढरी पडलेली पोवाड्याची तबकडी माझ्याकडे दिली.

निघताना आत्यानं मला चुलीपाशी बोलावलं. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली ती तबकडी माझ्या पिशवीत सारली. “दुकानातल्या चांगल्या फोनोवर एकडाव वाजवून बघ. उन्हानं वाकलीया का. आन् फोनोच्या नव्या पिना आन. जुन्या पिनांनी आत चिरा पडत्यात.”

तात्यांबरोबर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेले. आम्ही साड्या घेतल्या. मग तात्या परतीच्या मोटारीत जागा धरायला गेले आणि मी एकटी त्या दुकानात शिरले.

दुकानदारानं पोवाड्याची तबकडी उलटीपालटी केली. “एक? अहो ताई, मागच्या महिन्यापर्यंत एकाला एक होतं. आता दोन जुन्या, एक नवी.”

मी म्हणाले, एवढीच आहे. मग आठवण झाल्यासारखं पिना मागितल्या, आणि आत्याची तबकडी काढून विचारलं, ही एकदा वाजवून बघता येईल का.

त्यानं लावली. दुकानात कॉलेजातले दोन मुलगे होते, तबकड्या चाळत. पेटीचा सूर आला, मग आत्याचा आवाज. मोठ्या कर्ण्यातून तो सगळ्या दुकानात भरला, बाहेर रस्त्यावर गेला. घरात त्या दुपारी मला ज्यानं हलवून सोडलं होतं तोच आवाज इथे उघडा पडल्यासारखा वाटला. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, “हे तर तेच गाणं!”

“गाणं कुठलं, दळण चाललंय,” दुसरा म्हणाला, आणि नाक चोंदल्यासारखा आवाज काढून, “पाऽव्हनी घऽरी.” दोघं हसले. दुकानदारही हसला. मग पहिला माझ्याकडे वळला. वाईट नव्हता तो, सहज विचारलं त्यानं. “कुणाचा आवाज आहे हो? तुमच्या घरातलं कुणी?”

मी म्हणाले, “नाही. मला माहीत नाही.”

स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाले. पाचगणीला शिकवल्यासारखं.

दुकानदारानं दुसऱ्या कडव्यावरच सुई उचलली. “वाकलेली नाही. बघा, ही देऊन टाका, दोन झाल्या. गाणं तेच, त्यात हे चांगलं. ही कोण ऐकणार?”

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. परत द्या. एवढंच. पण जी तबकडी माझ्या घरातली नाही, जिचा आवाज कुणाचा ते मला माहीत नाही, ती मी परत का मागावी, हे त्या तिघांना काय सांगणार होते? बाहेरून तात्यांची हाक आली, “पोरी, चल लवकर, मोटर सुटतीया!” आणि मी मान हलवली.

मोटारीत मी स्वतःला समजावत होते. गाणं तेच आहे. आत्या स्वतःच म्हणाली होती बाई चांगली म्हणते. साताऱ्याची माणसं येणार, मैत्रिणी येणार, त्यांच्यासमोर तो आवाज, ती दोन पोरं हसली तसं कुणी हसलं तर आत्याला काय वाटेल? तिला मी त्यातून वाचवलं. इस्लामपूर येईपर्यंत माझा यावर जवळजवळ विश्वास बसला होता. तो शेवटचा शब्द, लांबून आलेला, मोटारीत मला एकदाही आठवला नाही. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण आठवला नाही.

“वाजली का गं?” आत्यानं विचारलं.

“हो. वाकलेली नाही.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिनं तबकडी परत मागितली नाही. फोनोजवळ माझ्या ट्रंकेत असेल असं तिनं धरलं. पुढचे सहा दिवस तिनं कितीदा तरी माझ्याकडे बघून हलकेच मान डोलवली, दोघींचं काही गुपित असल्यासारखी. मी दर वेळी उद्या सांगू असं ठरवलं.

हळद फोडायच्या दिवशी मांडवात उखळ मांडलं, मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधलं. पाच सवाष्णींनी मुसळ धरलं. आक्का पाटावर बसली होती. मी फोनोपाशी होते, माझ्या दोन मैत्रिणी मागे खुर्च्यांवर. स्वयंपाकघराच्या दाराआड, उंबऱ्याच्या आत, आत्या उभी होती. तिनं केस नीट विंचरले होते. धुतलेलं लुगडं नेसली होती. जणू तिला मांडवात बोलावणार होते.

मी किल्ली दिली आणि सुई ठेवली. क्लॅरिनेट वाजलं.

बायका खूष झाल्या. “अगं बाई, हे तर त्येच!” “वाडव की आवाज!” त्या बरोबरीनं गाऊ लागल्या, पण मुसळ गाण्याबरोबर पडेना. गाणं पुढं पळायचं, मुसळ मागं राहायचं. माझी धाकटी काकू हसत म्हणाली, “आवं, ह्या बाईला म्हनावं जरा थांब, आमचं हात दुखत्यात!” सगळ्या हसल्या.

आक्का हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मग दाराकडे. पहिल्यांदा गाणं संपलं तेव्हा आत्या शांत होती. आता लावील, असं वाटून. बायकांनी “पुन्ना, पुन्ना” केलं म्हणून मी तेच पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा आत्यानं दाराआडून मला खूण केली. हवेत बोट फिरवलं, थाळी फिरते तसं.

मी खाली बघितलं आणि पिन बदलू लागले. जी बदलायची गरज नव्हती ती.

तिसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

मी तिला परसात गाठलं. ती पाणी तापवण्याच्या चुलवणापाशी बसून लाकडं आत सारत होती. मी सगळं सांगितलं, दुकान, दोनला एक, मोटर. मुलग्यांचं सांगितलं नाही, आणि मी काय उत्तर दिलं तेही नाही. ते तिला मी कधीच सांगितलं नाही.

तिनं काठीनं निखारे पुढे ओढले. मग म्हणाली, “जुन्या थाळ्या घेऊन काय करत्यात ते?”

“वितळवतात. नव्या करायला.”

“आसं व्हय.” तिनं आणखी एक लाकूड सारलं. “जा तू. तितं फोनो कोन बघतंय?”

ती रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर आज मी कदाचित हे लिहिलं नसतं.

लग्नानंतर चार दिवसांनी पुस्तकं आणायची आहेत असं सांगून मी परत सांगलीला गेले. दुकानदारानं मला ओळखलं. जुन्यांचं पोतं आदल्या दिवशीच रेल्वेनं गेलं होतं. कुठे, विचारलं, तर म्हणाला, कारखान्यात. आणखी एखादी प्रत मिळेल का, तर त्यानं गायिकेचं नाव विचारलं. नाव नव्हतंच ना. मिरजेला, आत्याचे यजमान कामाला होते त्या दुकानात गेले. तिथे आता सायकली होत्या. परत सांगलीच्या दुकानात आले, का ते माहीत नाही. दुकानदार मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, “अहो, काळजी कशाला करता? त्यातून बहुतेक ह्याच गाण्याच्या निघतील. सध्या मागणी ह्यालाच आहे.”

आत्या त्यानंतर दोन वर्षं होती. माझ्याशी ती पहिल्यासारखीच वागली. जेवायला वाढायची, वेणी घालून द्यायची. फक्त काम करताना ती गायची नाही. गाणं कुठं लागलं तर उठून जायची नाही, ऐकतही नसे. शेवटच्या आजारात मी सुट्टी काढून आले, तिच्या उशाशी बसले. मला वाटत होतं ती काही म्हणेल, आणि तिनं म्हणू नये असंही वाटत होतं. तिनं मला पिना आठवतात का विचारलं. “नव्या पिना आनल्या हुत्यास,” ती म्हणाली. “तशाच ऱ्हाईल्या.”

त्या पिनांची डबी अजून माझ्याकडे आहे.

आता उरलं ते हे. तबकडीवरचा तो शेवटचा शब्द ऐकलेली, जिवंत अशी, मी एकटी आहे. आक्का साताऱ्याहून माहेरी येते, तिला आता एक मुलगी आहे. तिनं मला कधी दोष दिला नाही. फक्त पहिल्या वर्षी तिनं विचारलं, “बाचा आवाज कसा हुता गं? म्हनून दाखव की.” मी म्हणून दाखवलं. आवाज खाली नेऊन, जरा लांबून बोलल्यासारखं. ती म्हणाली, “आसा?” मी म्हणाले, साधारण असाच. ती प्रत्येक वेळी विचारते. प्रत्येक वेळी मी म्हणून दाखवते.

सुरुवातीला मी डोळे मिटले की ती दुपार यायची, खरखर, पेटी, मग तो शब्द. मग केव्हातरी पेटीच्या जागी क्लॅरिनेट यायला लागलं. मी थांबवते, पुन्हा पहिल्यापासून आठवते, आणि पुन्हा क्लॅरिनेट. आत्याचा आवाजही आता मुंबईच्या बाईंच्या आवाजाखाली कुठेतरी गेला आहे. ते गाणं इतक्या ठिकाणी वाजतं की त्याच्यापासून लांब राहायला जागाच नाही. आणि तो शब्द तर माझ्या तोंडून बरोबर येतच नाही. त्याचा हेल माझ्या जिभेला वळत नाही. मी ‘व्हय’ म्हणते ते नाटकातल्यासारखं वाटतं, त्या मुलग्यानं नाक चोंदून म्हटल्यासारखं.

या दिवाळीला आक्का आली होती. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. तिनं नेहमीसारखं विचारलं. मला म्हणायचं होतं की आक्का, मला आता आठवत नाही. बरेच महिने झाले. मी म्हणाले,

“झालं व्हय?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “आसाच हुता न्हवं?”

“हो,” मी म्हणाले. “असाच.”

तिनं मान हलवली, आणि मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.